यादीतल्या न वाचलेल्या बारा लिंका

सोनाळ्याच्या मामांना माझं काम समजावून सांगायला मला सहा वर्षं लागली. दर उन्हाळ्यात ते विचारायचे, "कम्प्युटरवर तू करते काय, ते एकदा मराठीत सांग, माय." मी दर वेळी "सॉफ्टवेअरचं" एवढंच म्हणून पाणी आणायला आत जायचे. शेवटी त्यांच्याच मुलीच्या लग्नात, स्वयंपाकाच्या मांडवात उभी असताना, ते सांगता आलं.

आचाऱ्याच्या हातात एक यादी होती. बुंदी आधी पाडायची, कारण ती पाकात मुरायला हवी. वांगी चिरून झाल्याशिवाय भाजी चढवायची नाही. डाळ, तेल, तिखट दुकानातून येणार. कणीक एकदा मळली असेल तर पुन्हा मळत बसायचं नाही. मी म्हटलं, "मामा, प्रोग्रामर लोक शेकडो फायली लिहितात, पण नुसत्या लिहून ॲप तयार होत नाही. कोणती फाइल आधी, कोणती नंतर, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं काय काय बाहेरून आणायचं, कालचं काय चालेल आणि काय नव्यानं करावं लागेल, हे सगळं पाहणारा एक प्रोग्राम असतो. त्याला बिल्ड टूल म्हणतात. या आचाऱ्यासारखा. त्याच्या हातातली यादी मी लिहिते."

मामांनी विचार केला. "म्हंजे तू सैपाक करत नाही?"

"नाही."

"वाढतबी नाही?"

"नाही."

"मंग जेवाले तरी बोलावतेत काय तुले?"

"पंगत अडली तर बोलावतात."

मामा समाधानी झाले. मीही झाले. त्याहून चांगलं मला अजून सांगता आलेलं नाही.

मी नांदुऱ्याला घरूनच काम करते. कंपनी पुण्याची. औषधांच्या दुकानांसाठी लागणारं एक ॲप आम्ही बनवतो. हे बिल्डचं काम मी मागून घेतलेलं नाही. ते करणारे एक सीनियर होते, ते नोकरी सोडून गेले. जाताना त्यांनी ती यादीची फाइल मागे ठेवली. तिच्या माथ्यावर त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवलं होतं की हे चालतं, का चालतं ते मलाही माहीत नाही, कृपया हात लावू नका. पुढच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनी विचारलं, हे कोण घेईल? मी माइक बंद करून बसले होते. कुणीच बोललं नाही, त्यात माझं न बोलणं त्यांना होकारासारखं वाटलं असावं.

मग शिकायला बसले. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली, त्यामुळे भाषेनं अडलं नाही. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. टूल बनवणाऱ्यांनी स्वतः लिहिलेली हजारभर पानांची माहिती होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती. पण ती ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेली होती. मला न पडलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्यात होतं. व्हिडिओ पाहिले. बहुतेकांचा अर्धा वेळ टूल कम्प्युटरवर कसं बसवायचं यात जायचा. ते मला येत होतं. उरलेल्या अर्ध्यात सगळं पहिल्याच फटक्यात चालायचं. कुणाचंही काही तुटायचंच नाही. कठीण भाग आला की "हे आपण पुढच्या भागात पाहू" म्हणायचे, आणि पुढचा भाग कधी निघालेलाच नसायचा. एकदा एका प्रश्नोत्तरांच्या साइटवर मला हुबेहूब माझीच अडचण सापडली. शब्दन्‌शब्द तोच. खाली विचारणाऱ्यानं स्वतःच चार दिवसांनी लिहिलं होतं, "सुटलं. सर्वांचे आभार." कसं सुटलं ते नव्हतं. त्या माणसावर मला आला तेवढा राग नंतर कुणावर आलेला आठवत नाही. हल्ली एआयला विचारता येतं. ते न थकता उत्तर देतं, पण टूलची जुनी पद्धत आणि नवी पद्धत एकाच उत्तरात कालवून देतं, आणि दोन्ही सारख्याच आत्मविश्वासानं.

शेवटी मी शिकले ती तीन गोष्टींवर. त्या हजार पानांतलं खूप आत दडलेलं एक प्रकरण. एका बाईंचं तासाभराचं व्याख्यान, ज्यात त्या स्वतः दोनदा चुकतात आणि चूक शोधताना दिसतात. आणि एक छोटं, पाच फायलींचं प्रोजेक्ट, जे मी रोज मुद्दाम मोडायचे आणि दुरुस्त करायचे. त्यातलं हे तिसरं मी कुणाला सांगितलं नव्हतं. मोडून शिकते म्हणायला लाज वाटायची.

एक किस्सा सांगते, कारण तो या धंद्यात सगळ्यांच्या वाट्याला येतो. ॲपची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या दिवशी बिल्ड तुटलं. माझ्या कम्प्युटरवर चालायचं, पुण्यातल्या सर्व्हरवर नाही. दोन दिवस मी नुसती चुका दाखवणारी लाल अक्षरं वाचत होते. कारण निघालं ते असं. बाहेरून आणायच्या एका सामानापुढे त्या जुन्या फाइलमध्ये लिहिलं होतं, "जे सर्वांत नवं असेल ते." यादीत नुसतं "तिखट दोन किलो" लिहावं तसं. माझ्या कम्प्युटरनं मागच्या महिन्यातलं जपून ठेवलेलं वापरलं, सर्व्हरनं दुकानातून यंदाचं आणलं, आणि यंदाचं जहाल निघालं. मी तिथे नेमका आवृत्तीचा आकडा लिहिला. दोन दिवसांत केलेलं काम म्हणजे तेवढंच, एका ओळीतला बदल. मॅनेजरनी ग्रुपवर अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा मला बरेच दिवस आनंद होता, हे कबूल करते.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

गावात एक कम्प्युटर क्लास आहे. तिथल्या सरांना कुठून तरी कळलं की मी पुण्याच्या कंपनीत हे काम करते. त्यांनी फोन केला. "मॅडम, आमच्याकडे नोकरीत गॅप पडलेल्या बायका येतात. तुमी एक लेक्चर द्या ना." चाळीस माणसांसमोर उभं राहणं मला जमणार नव्हतं. मी म्हटलं, लेक्चर नको, मी शिकण्यासाठी चांगल्या लिंकांची यादी देते. सर खूश झाले.

ज्यांवर मी खरंच शिकले त्या दोन लिंका मी लिहिल्या. वाचनात आलेल्या आणखी सहा आठवल्या. आठ. पण आठ ओळींची यादी पाहून लोक काय म्हणतील? पुण्याच्या कंपनीतली आणि एवढंच? म्हणून शोधून, मथळे पाहून, मधेमधे आणखी बारा टाकल्या. त्या मी उघडून वाचल्या नव्हत्या. वीस झाल्या, यादी भारदस्त दिसायला लागली. तासाभरात पाठवून दिली आणि सुटले असं वाटलं.

मी स्वतः अशी एकही यादी कधी पूर्ण केलेली नाही. दोन लिंका उघडायच्या, तिसरी कंटाळवाणी वाटली की सोडायची, हे मी गृहीतच धरलं होतं. पण क्लासमध्ये अर्चनाताई होत्या.

अर्चनाताई रोहिणखेडच्या. लग्नाआधी त्यांनी कम्प्युटरमध्ये बीएस्सी करून दोन वर्षं शिकवलं होतं. मग लग्न, दोन मुलं, शेती, आणि बारा वर्षं गेली. नागपूरची एक कंपनी गॅप पडलेल्या बायकांना घरून काम देते असं त्यांना कळलं. त्यांच्या भरतीच्या परीक्षेत मुख्य विषय हेच बिल्ड टूल. शिकायला वेळ हवा, तर त्यांच्या सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "एक वरीस चूल मी पाह्यते. पुढची पेरनी लागली का मंग माह्यानं होनार नाही." सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. तरी त्या रोज सहा माणसांच्या भाकरी टाकत होत्या, आणि सून टेबलाशी बसून माझी यादी वाचत होती. पेरणीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर टेबल आवरायचं, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त सरांमार्फत एक निरोप आला होता, "सहा नंबर आणि अकरा नंबर एकमेकांच्या उलटं सांगतात. कोणतं खरं?" मी दोन्ही वाचल्या नव्हत्या. उघडून पाहायला दहा मिनिटं लागली असती. मी उत्तर पाठवलं, "दोन्ही बघा."

परीक्षा फेब्रुवारीत झाली. तोंडी प्रश्नांत अर्चनाताईंनी सगळी उत्तरं दिली. मग एक तुटलेलं प्रोजेक्ट समोर ठेवलं आणि दुरुस्त करायला सांगितलं. त्यांनी सहा नंबरच्या लिंकेतली पद्धत वापरली. ती टूलच्या जुन्या आवृत्तीची होती. नव्यात ती केव्हाच काढून टाकलेली. वेळ संपेपर्यंत पडद्यावर लाल अक्षरं येत राहिली. कंपनीनं सांगितलं, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. सहा महिन्यांनी म्हणजे पेरणीनंतर.

पुढच्या रविवारी त्या आमच्या घरी आल्या. सरांकडून पत्ता घेऊन, मोताळ्याला गाडी बदलून. आईनं चहा ठेवला. त्यांनी पिशवीतून एक जाड रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर उघडलं. वीसच्या वीस लिंका. प्रत्येकीला दोन-तीन पानं, दहावीच्या प्रश्नोत्तरांसारखी, मुद्दे अधोरेखित केलेले. मॅडमनी दिलंय म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि पाठ करायचं. आपल्याकडे असंच शिकवतात. मीही बारावीपर्यंत असंच केलं होतं आणि विसरले होते.

"एक इचारू काय, मॅडम?"

"विचारा ना."

"अकरा नंबरचं तुमी वाचलं होतं काय?"

माझ्या तोंडून खोटं निघालं असतं. पण रजिस्टर समोर होतं. मी म्हटलं, "नाही."

"मले वाटलंच. त्याच्यात मधातला भागच गायब हाय. वाचलं असतं तं तुमी टाकलंच नसतं." मग रजिस्टरची पानं मागे उलटून, "सहा नंबर?"

"तेही नाही."

"मंग म्या इचारलं तवा सांगतलं काऊन नाही? 'म्या नाही वाचलं' म्हनाले किती टाइम लागते?"

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आई स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती, तिला आत यावं की नाही ते कळेना. अर्चनाताईच तिला म्हणाल्या, "या ना काकू. भांडन नाही आमचं. मी तं हिले नुसतं इचारून राह्यली."

मॅडमची त्या वाक्यात मी 'ही' झाले, आणि पुढे 'ही'च राहिले.

मी त्यांना माझं ते पाच फायलींचं प्रोजेक्ट दाखवलं. म्हटलं, वाचन पुरे, आता मी हे मोडून देते, तुम्ही शोधा. त्यांना पटेना. "न वाचता हात कसा लावू? अजून बिघडलं तं?" बिघडलेलंच आहे, अजून काय बिघडेल, असं मी म्हटलं. पण ती भीती पहिले दोन रविवार गेली नाही. कळफलकावर बोटं ठेवून त्या आधी रजिस्टरमध्ये उत्तर शोधायच्या.

तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम एक चूक टाकली होती, जिच्यामुळे पडद्यावर काही शे ओळी लाल आल्या. त्या शेवटच्या ओळीपासून वाचायला लागल्या. सगळे नवशिके तसंच करतात. मी सांगितलं, शेवटची ओळ सोडा, वर जा, सगळ्यात आधी कोण पडलं ते पाहा, बाकीचे सगळे त्याच्यामुळे पडलेत. त्या सावकाश वर गेल्या. मग एकदम हसल्या.

"हे तं घरातल्या भांडनासारखं हाय वो. जो शेवटी वरडते, त्याच्यापासून सुरू झालेलं नसतेच."

त्या दिवशी त्यांनी चूक चोवीस मिनिटांत शोधली. मला स्वतःला तेवढीच लागली असती.

त्या रजिस्टरच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात खुणा होत्या, त्यांच्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं. "जुनं, आता चालत नाही." "हा मानूस चांगला सांगते पन भरभर." "आधी चौदा वाचा, मंग हे समजते." "इथं लिहेलं खरं हाय पन काऊन ते नाही सांगतलं." इतकी वर्षं इतक्या साइट धुंडाळून मला असं काही मिळालं नव्हतं. या यादीतली प्रत्येक ओळ कुणीतरी खरंच वाचली होती, आणि कुठे अडखळायला होतं ते लिहून ठेवलं होतं.

मी त्यांची परवानगी घेऊन पानांचे फोटो काढले, त्यांतलं सगळं इंग्रजीत टाइप केलं आणि आमच्या टीमच्या अंतर्गत पानावर टाकलं. जो टाकतो त्याचं नाव वर आपोआप येतं. दोन आठवड्यांत टीममधल्या नव्या लोकांनी ते वाचून माझ्याकडे प्रश्न विचारणं जवळजवळ थांबवलं. मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, हे फार सुंदर काम झालंय, ऋतुजा. मी अंगठा पाठवला.

तिथे बोलायला हवं होतं. मी दोन महिने बोलले नाही. दर सोमवारी ठरवायचे, आणि दर सोमवारी दुसरे विषय निघायचे, असं मी स्वतःला सांगायचे. दुसरे विषय निघायचेच, हे खरं आहे.

मेच्या शेवटी मॅनेजरनी सांगितलं की नव्या लोकांना बिल्ड शिकवायला आणि त्यांच्या अडचणी सोडवायला एक माणूस घ्यायचाय, घरून काम, सुरुवातीला सहा महिन्यांचं. ऋतुजाच्या त्या पानासारखं काम करू शकेल असा कुणी माहीत आहे का?

मी माइक उघडला. इतक्या वर्षांत कुणी न विचारता मी माइक उघडल्याचं हे पहिलंच. म्हटलं, "ते पान माझं नाही."

"म्हणजे?"

"मी टाइप केलं फक्त. लिहिलंय दुसऱ्या बाईंनी. मी दिलेल्या चुकीच्या यादीवर."

कुणीतरी हसलं. त्याला तो विनोद वाटला असावा. मॅनेजरनी विचारलं, "मग हे आधी का नाही सांगितलंस?" मी अर्चनाताईंचं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट, आणि त्यांची परीक्षा घ्या म्हटलं. परीक्षेचं प्रोजेक्ट तूच मोडून दे, असं मॅनेजर म्हणाले. मी म्हटलं, मी नको, माझ्या चुका त्या ओळखतात, दुसऱ्या कुणाला तरी मोडू द्या. दुसऱ्याच एकानं मोडलं. चार चुका टाकल्या.

तोवर आभाळ भरून यायला लागलं होतं. रोहिणखेडला बियाणं घरात येऊन पडलेलं. अर्चनाताईंनी परीक्षा दिली त्या दिवशी घरचे सगळे वावरात होते, आणि सासूबाईंनी बाहेरच्या दाराला आतून कडी लावली होती, पोरीला कुणी मधे हाक मारू नये म्हणून. चारपैकी तीन चुका सापडल्या. चौथी कुठं आहे ते त्यांना सापडलं, पण का ते नाही, आणि तसंच त्यांनी लिहून दिलं, "का ते मला कळलं नाही." मॅनेजरना ते वाक्य आवडलं, असं मला नंतर कळलं.

निकाल सांगायला मी स्वतः फोन केला. मेसेजवर सांगता आलं असतं. पण मला त्यांना आणखीही काही सांगायचं होतं. नागपूरच्या परीक्षेच्या आधीचं, सहा नंबरबद्दल, 'दोन्ही बघा'बद्दल, त्या वर्षातले जे महिने माझ्यामुळे वाया गेले त्यांच्याबद्दल. वाक्य मनात जुळवूनच नंबर लावला होता.

मी म्हटलं, "ताई, झालं तुमचं."

पलीकडून त्यांचा आवाज, फोनपासून लांब, घरात कुणाशी तरी.

"आत्याबाई, लागलं वो."

"कायमचं?" सासूबाईंचा आवाज.

"नाही. सहा मयने."

काहीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सहा मयने तं सहा मयने," सासूबाई म्हणाल्या. "काढीन तेवढे. पन आजच्या भाकरी तरी तूच टाक बाप्पा. उठवून नाही राह्यलं मले."

अर्चनाताई फोनवर परत आल्या. हसत होत्या की रडत होत्या ते मला ओळखू आलं नाही. "ऋतुजा, ठेवते हं. तवा तापेल हाय."

आता रोज सकाळच्या मीटिंगला त्या असतात. नव्या मुलांना न कंटाळता समजावतात, आणि जे वाचलेलं नाही ते वाचलेलं नाही म्हणून सरळ सांगतात. पडद्यावर माझा चौकोन त्यांच्या चौकोनाच्या बाजूलाच येतो. माफी मागायची त्या दिवशी राहून गेली, ती अजून राहिलीच आहे.